एकाच प्रथिनाला चिकटून दोन औषधं वेगळी कशी वागतात?

धरमपेठकर: एम. फार्म., फार्माकॉलॉजी, पहिलं वर्ष. टॅक्रोलिमस अन् सिरोलिमस ही रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, दोन्ही पेशीतल्या एफकेबीपी-१२ या प्रथिनाला चिकटतात. मग टॅक्रोलिमस कॅल्सिन्यूरिन हे एन्झाइम अडवतं अन् सिरोलिमस एमटॉर हे दुसरं एन्झाइम, हे कसं? नोट्समध्ये नुसता तक्ता आहे. पाठ होते, समजत नाही.

वर्धा रोडची ताई: एफकेबीपीला टार्गेट समजूच नको रे, तो फक्त जोडीदार. औषध चिकटलं की दोघांचा मिळून नवा पृष्ठभाग तयार होतो आणि तोच पुढच्याला अडवतो. टॅक्रोलिमसची उघडी बाजू कॅल्सिन्यूरिनवर बसते, सिरोलिमसची एमटॉरवर. कॅल्सिन्यूरिन बंद, की एनएफएटी या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनावरचे फॉस्फेट निघत नाहीत, ते केंद्रकात शिरत नाही, इंटरल्यूकिन-२ चं, म्हणजे टी-पेशींना (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींना) वाढायचा निरोप देणाऱ्या प्रथिनाचं, उत्पादन घटतं. सिरोलिमसमध्ये इंटरल्यूकिन-२ बनतं, पण त्याचा निरोप मिळूनही टी-पेशी विभाजनाकडे वळत नाही. तक्ता फेक, चित्र काढ. माझ्या वहीत अजून आहे, पेनाने गिचमिड केलेलं.

गोळीवाला भाऊ: सायक्लोस्पोरिन विसरू नको बाप्पा! तेही कॅल्सिन्यूरिनच अडवते, पण सायक्लोफिलिन या वेगळ्या प्रथिनाला धरून. तोंडीत हमखास विचारतात. बाकी टॅक्रोलिमस जपानच्या मातीतल्या जिवाणूपासून, सिरोलिमस ईस्टर बेटाच्या. लक्षात ठेवायला बरं पडते.

धरमपेठकर: मंग दोन्ही सोबत दिली तर एफकेबीपीसाठी भांडतील ना?

वर्धा रोडची ताई: प्रयोगशाळेत भरमसाठ मात्रा घातली तर हो. पण पेशीत एफकेबीपी मुबलक असतं, उपचाराच्या मात्रेत दोघांनाही पुरतं.