महालक्ष्मीच्या तबेल्यांना पालिकेचा पैसा द्यायचा असेल, तर आधी घोड्याचा हिशेब द्या

विदुला

हा धागा काढायचं कारण शंभर कोटींचा आकडा. महालक्ष्मी रेसकोर्सची जागा साधारण २११ एकर. त्यातला एक तृतीयांशाच्या आसपासचा भाग महापालिकेचा, उरलेला राज्य सरकारचा. म्हणजे सगळी जागा लोकांची. तिथे शर्यती भरवणाऱ्या रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचा भाडेकरार मे २०१३ मध्ये संपला आणि त्यानंतरही दहा-अकरा वर्षं क्लब तिथेच होता. २०२४ मध्ये तोडगा निघाला: १२० एकर उद्यानासाठी महापालिकेकडे, ९१ एकर २०५३ पर्यंत क्लबकडे. या वाटाघाटींत घोड्यांचे तबेले नव्याने बांधायला महापालिकेने सुमारे शंभर कोटी रुपये द्यावेत असा प्रस्ताव होता. त्यावरून बराच गदारोळ झाला. भांडण झालं ते जमीन कोणाच्या घशात जाणार यावर. घोड्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

माझं म्हणणं असं. शर्यत हा खासगी शौक आहे आणि जुगाराचा धंदा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये त्याला कौशल्याचा खेळ म्हटलं, त्यामुळे तो कायदेशीर आहे, हे मान्य. पण कायदेशीर असणं वेगळं आणि पालिकेच्या तिजोरीवर हक्क असणं वेगळं. माझ्या वॉर्डातल्या पालिका दवाखान्यात दुपारनंतर डॉक्टर नसतो. तिथले पैसे तबेल्याकडे वळवायचे असतील तर त्या तबेल्यातल्या जनावराचं पुढे काय होतं हे विचारायचा मला अधिकार आहे.

थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा घोडा जन्मला की त्याची नोंद स्टड बुकात होते. आई कोण, बाप कोण, हे डीएनए तपासून ठरवतात. आपल्या घरात पणजोबांचं नाव आठवत नाही, इथे मात्र दहा पिढ्यांची वंशावळ तोंडपाठ असते. मग तो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी धावायला लागतो आणि बहुतेकांचं धावणं सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत संपतं. नीट ठेवला तर घोडा पंचवीस वर्षं जगतो. ती उरलेली अठरा-वीस वर्षं तो कुठे असतो? जन्माची नोंद जितकी काटेकोर, तितकीच ही नोंद हवी आणि ती कोणालाही बघता यायला हवी. सरकारी जमिनीच्या करारात ही अट नसेल तर एक रुपयाही देऊ नये.

सुधीर भायखळा

विदुलाताई, तुमचं मन स्वच्छ आहे म्हणून उत्तर देतोय. माझे वडील छत्तीस वर्षं महालक्ष्मीला सईस होते, म्हणजे घोड्यांची निगा राखायचे. पहाटे साडेतीनला उठायचे. खरारा, पाणी, चंदी (दाणा), मग अंधारातच ट्रॅकवर फिरवायला न्यायचं. घोड्याला पोटशूळ झाला की रात्रभर त्याला चालवत राहायचे, कारण तो खाली लोळला की आतडं पिळवटायची भीती. आम्ही तापाने फणफणत असलो तरी ते तबेल्यात असायचे. लहानपणी मला त्याचा राग यायचा.

तबेल्यासाठी पैसे म्हटलं की लोकांना सुटाबुटातले मालक दिसतात. तबेल्यात राहतं कोण? घोडा आणि सईस. पत्रे गळतात, पावसात आत चिखल होतो, सईसांच्या खोल्यांची अवस्था तर विचारूच नका. घोड्याचे हाल होतात असं म्हणायचं आणि त्याच्या डोक्यावरचं छप्पर नीट करायला पैसे नकोत असंही म्हणायचं, हे मला कळत नाही. शिवाय १२० एकर क्लबने सोडलेच की. इतक्या मोकळ्या जागेच्या बदल्यात शंभर कोटी मुंबईत फार नाहीत.

आणि सईस, नालबंद, सकाळी घोडे फिरवणारी पोरं, गवत पुरवणारे, यांच्या पोटाचं काय?

केदार_पुणे

सुधीरदादांशी सहमत, आणखी एक भर. शर्यती फुकट पोसल्या जातात असा समज करून देऊ नका. घोड्यावर लावलेल्या पूर्ण रकमेवर आधी २८ टक्के जीएसटी होता, सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे. क्लबच्या कमिशनवर नव्हे, लावलेल्या पूर्ण पैशावर. एवढा कर भरणाऱ्या खेळाला सरकारने काही परत दिलं तर भीक घातली असं होत नाही. उलट करामुळे माणसं क्लबच्या खिडकीवर न जाता बाहेरच्या बुकीकडे जातात. तिथे ना कर, ना नियम, ना घोड्याची फिकीर.

दुसरं म्हणजे थरोब्रेड ही जात माणसाने शर्यतीसाठीच घडवली. शर्यती थांबल्या तर पुण्याच्या आसपासचे स्टड फार्म थांबतील आणि ही जात इथून संपेल. प्राण्यावर प्रेम असणाऱ्यांना हे चालणार आहे का?

रानजाई

केदार, जात टिकावी म्हणून त्यातल्या एकेका जिवाने पाय मोडून घ्यावा, हा युक्तिवाद मला पटत नाही. जातीला वेदना होत नाहीत. समोर उभ्या असलेल्या घोड्याला होतात.

मी विदुलापेक्षा पुढे जाईन. अटी कसल्या घालता, बंद करा. सिंगापूरने केलं. तिथे १८१ वर्षं शर्यती होत होत्या. क्रांजीच्या मैदानावर ५ ऑक्टोबर २०२४ ला शेवटची शर्यत झाली आणि ती जमीन घरांसाठी सरकारकडे परत जाते आहे. मकावमध्येही त्याच वर्षी एप्रिलमध्ये शर्यती थांबल्या. चेन्नईत गिंडीच्या रेसकोर्सची १६० एकर जागा १९४६ मध्ये वर्षाला ६१४ रुपये भाड्याने दिली होती, तीही नव्याण्णव वर्षांसाठी! थकबाकी सातशे कोटींच्या वर गेली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तमिळनाडू सरकारने टाळं ठोकलं. लोकांच्या जमिनीवर मूठभरांचा खेळ किती काळ चालवायचा?

मंचरकर

आमच्या बैलगाडा शर्यतीला २०१४ पासून कोर्टकचेऱ्या. शेतकऱ्याचा बैल घाटात पळाला की क्रूरता, आणि शहरातला घोडा चाबूक खात पळाला की डर्बी. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने शर्यतीला परवानगी देणारा आमचा कायदा उचलून धरला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. ज्या अटी आम्हाला, त्या घोड्यालाही लावा. इतकंच म्हणणं आहे.

विदुला

@मंचरकर, हे शंभर टक्के मान्य. बैल म्हातारा झाल्यावर कुठे जातो हाही प्रश्न मी विचारेन, तो तुम्हाला आवडणार नाही कदाचित.

मृण्मयी

मी पेनसिल्व्हेनियात राहते, इथलं सांगते, कारण सरकारी पैसा शर्यतीला दिला की पुढे काय होतं ते इथे दिसतं. २००४ मध्ये इथे स्लॉट मशिनना परवानगी देणारा कायदा झाला आणि त्या उत्पन्नातला वाटा घोड्यांच्या शर्यतींच्या निधीत जायला लागला. दर वर्षी वीस कोटी डॉलरच्या घरात. मुख्यतः बक्षिसांसाठी. २०२० मध्ये तेव्हाचे गव्हर्नर टॉम वुल्फ म्हणाले की हा पैसा सरकारी विद्यापीठांतल्या मुलांच्या शिष्यवृत्तीला देऊ. विधिमंडळात ते पुढे सरकलंच नाही. एकदा पैसा सुरू झाला की त्यावर जगणारे लोक तयार होतात आणि मग तो काढून घेता येत नाही. सुधीरदादांना मी दोष देत नाही, त्यांच्यासारखेच कष्टकरी इथेही आहेत. पण बक्षिसाची रक्कम वाढली की दुखावलेला घोडाही धावायला काढायचा मोह वाढतो. इथले लोकच हे बोलतात.

बार्बारो नावाचा घोडा इथल्याच मालकांचा. मे २००६ मध्ये केंटकी डर्बी जिंकला, दोन आठवड्यांनी प्रीकनेस शर्यतीत त्याचा मागचा उजवा पाय मोडला. जगातल्या उत्तम पशुरुग्णालयांपैकी एकात त्याच्यावर आठ महिने उपचार चालले. लोक फुलं आणि सफरचंदं पाठवायचे. जानेवारी २००७ मध्ये त्याला शेवटी झोपवावं लागलं. इतका पैसा, इतके डॉक्टर असूनही.

गुरांचा_डॉक्टर

बार्बारोचं उदाहरण निघालं म्हणून लिहितो. मी पशुवैद्य आहे. रेसकोर्सवर काम केलेलं नाही, पण घोडे बरेच पाहिले आहेत.

लोक विचारतात, माणसाचा पाय मोडला तर प्लास्टर घालतात, घोड्याला गोळी का? घोड्याचं वजन साडेचारशे-पाचशे किलो. तो दिवसेंदिवस आडवा पडून राहू शकत नाही, फुफ्फुसं आणि आतडी दगा देतात. उभा राहिला की मोडलेल्या पायाचा भार उरलेल्या तीन पायांवर येतो. खुराच्या आत हाडाला धरून ठेवणारा नाजूक थर असतो, त्याचा रक्तपुरवठा बिघडतो आणि हाड खुरापासून सुटायला लागतं. याला लॅमिनायटिस म्हणतात. बार्बारो मोडलेल्या पायाने गेला नाही, या दुखण्याने गेला. वेदना इतकी की घोडा पाऊल टाकत नाही, घामाने निथळतो.

पण मला जास्त छळते ती रोजची गोष्ट. घोडा दिवसातले पंधरा-सोळा तास चरणारं जनावर आहे. त्याचं पोट सतत आम्ल सोडत राहतं, कारण सतत गवत येणार हे त्याने गृहीत धरलेलं असतं. त्याला वीस-बावीस तास ठाणावर बांधून दोन-तीन वेळा भरपूर चंदी घातली की पोटात व्रण होतात. शर्यतीच्या बहुसंख्य घोड्यांत ते सापडतात, हे जगभर तपासलेलं आहे. काही घोडे दाराची फळी चावत हवा गिळतात, काही जागच्या जागी डुलत राहतात. पाहणाऱ्याला वाटतं मजेत आहे. शिवाय दोन वर्षांच्या घोड्याचा सांगाडा पुरता पक्का झालेला नसतो, पाठीच्या मणक्यांना तर पाच वर्षं उलटावी लागतात.

आता सुधीररावांच्या बाजूने बोलतो. याच कारणासाठी चांगला तबेला लागतो. जोडीला मोकळं सोडायला कुरण हवं, शेजारचा घोडा दिसेल अशा जाळीच्या भिंती हव्यात, धूळ कमी हवी, सुका चारा हाताशी हवा. नवा तबेला बांधणार असाल तर तो असा बांधा. जुन्याच आकाराच्या कोठड्यांना नवे पत्रे आणि फरशी लावली तर कंत्राटदार खूश होईल, घोड्याचा व्रण तसाच राहील. चाबकाला आतून हवेची गादी असली पाहिजे असा नियम आपल्याकडे आहे, तो चांगलाच आहे. पण घोडा चाबकाखाली एक-दोन मिनिटं असतो आणि ठाणावर दिवसभर. चर्चा मात्र चाबकाचीच होते.

केदार_पुणे

डॉक्टरसाहेब, हे माहीत नव्हतं, खरंच. पण मग पैसे हवेतच ना?

विदुला

केदार, हवेत. कोणाचे, हा प्रश्न आहे. ब्रिटनमध्ये १९६१ पासून शर्यतीसाठी वेगळी पट्टी आहे. बुकींच्या ढोबळ नफ्यातले दहा टक्के ती गोळा करणाऱ्या मंडळाकडे जातात आणि त्यातून बक्षिसांसोबत घोड्यांच्या आजारांवरचं संशोधनही चालतं. म्हणजे घोड्यावर कमावणाऱ्याने घोड्यासाठी द्यायचं. तुम्ही जीएसटीचा दाखला दिलात. तो कर आहे, दवाखाने आणि रस्ते सगळ्यांचेच आहेत. कर भरला म्हणून आपल्यापैकी कोणाचं घर पालिका बांधून देत नाही.

@रानजाई, तुझं म्हणणं मला मनातून पटतं, पण उद्या बंद केलं तर आजच्या घोड्यांचं काय? २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया, म्हणजे मुंबईतल्या घोडागाड्या, बेकायदा ठरवल्या आणि वर्षभराची मुदत दिली. तेव्हा मी खूप आनंदले होते. गाडीवाल्यांच्या पुनर्वसनावर चर्चा झाल्या, बैठका झाल्या. पुढे आमच्या गल्लीच्या टोकाला उभा राहणारा पांढरा घोडा एका सकाळी दिसला नाही. त्याच्या मालकाला विचारलं तर तो नुसता मान हलवत राहिला. तेव्हापासून ‘बंद करा’ म्हणताना माझी जीभ अडखळते.

रानजाई

विदुला, हा मुद्दा खरा आहे. पण मग निदान पैदास थांबवा. दर वर्षी नवी शिंगरं जन्माला घालायची आणि जुन्यांसाठी जागा नाही म्हणायचं, याला अर्थ नाही. अट घालायचीच तर ही घाला: जितक्या घोड्यांना आयुष्यभर सांभाळण्याची रक्कम आधी जमा केली असेल, तितकेच ट्रॅकवर.

मंचरकर

तशी रक्कम भरायची झाली तर हौशी मालक निम्म्याने कमी होतील.

रानजाई

होऊ देत.

सुधीर भायखळा

दिवसभर कामावर होतो, आता सगळं वाचलं. डॉक्टरांनी ठाणावर डुलणाऱ्या घोड्याचं लिहिलंय ना, वडील त्याला ‘झुलतोय’ म्हणायचे आणि अशा घोड्यापाशी जास्त वेळ बसायचे. कारण माहीत नव्हतं, पण त्याला एकटं सोडू नये इतकं त्यांना कळायचं.

रानजाई, निम्मे मालक गेले की निम्मे सईसही जातात. हे तुम्ही दोन शब्दांत लिहिलंत. माझ्या घरात ते दोन शब्दांत मावणार नाही. तबेल्यासाठी पैसे द्यावेत, सईसांच्या खोल्यांसाठी तर द्यावेतच, यावर मी ठाम आहे.

पण विदुलाताई, तुमच्या नोंदीच्या अटीवर सांगतो. वडिलांकडे एक तपकिरी घोडा पाच वर्षं होता. नाव लिहीत नाही. त्याच्यावर लोकांनी बरेच पैसे कमावले. एका पुढच्या पायाची शीर सुजली, दोन वेळा बरी झाली, तिसऱ्यांदा नाही. एके दिवशी ट्रक आला. घोडा फळीवर चढेना, म्हणून वडिलांनाच बोलावलं. ते पुढे गेले, तो मागोमाग गुपचूप चढला. कुठे नेताय विचारलं तर ‘रायडिंग स्कूलला’ म्हणाले. कुठल्या, ते सांगितलं नाही. वडील पुढे माथेरानला गेले तेव्हा, जुहूला गेले तेव्हा, लग्नाच्या वरातीतसुद्धा, तपकिरी घोडा दिसला की जवळ जाऊन त्याचा पुढचा पाय बघायचे. निवृत्त झाल्यावरही.

ती नोंद ठेवा. तिच्यात सईसाचं नावही लिहा, आणि घोडा कुठे गेला हे त्याला कळवायचं बंधन घाला.