ॲप म्हणतंय बूट बदला. मी का ऐकू?

गोदाकाठचा गडी:
आठवड्यातून चार दिवस पळतो, सहा-सहा किलोमीटर. दोन दिवस गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर, दोन दिवस गंगापूर रोडला. परवा ॲपने कळवलं, बुटांचे 700 किलोमीटर झाले, बदला. शिवण उसवलेली नाही, तळाची नक्षी दिसतेय. सात हजारांचे बूट सात महिन्यांत भंगारात? हा आकडा बूट विकणाऱ्यांच्या सोयीचा आहे, असं माझं स्पष्ट मत.

फोमदास:
दादा, तुम्ही नक्षी बघताय. आधी मरतो तो मधला फोम. बऱ्याच बुटांत तो ईव्हीए नावाच्या रबरासारख्या प्लास्टिकचा असतो. त्यातले हवेचे बारीक कप्पे पावलागणिक दबतात, आणि कालांतराने पुरते वर येईनासे होतात. घरची कापसाची गादी आठवा. खोळ कोरी असली म्हणून बसलेला कापूस फुगतो का? 500 ते 800 किलोमीटर हा अंदाज त्यावरूनच आलाय.

गोदाकाठचा गडी:
500 ते 800! म्हणजे कुणी आठ महिन्यांत घ्या म्हणणार, कुणी पाचच. याला नियम म्हणायचं?

अनवाणी बरा:
बूटच कशाला? आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊत सुरुवातीला अनवाणीच धावायच्या. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरला कांस्य आणलं. श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी लोक अनवाणी करतातच की.

फोमदास:
पदकाच्या शर्यतीत त्या अनवाणी नव्हत्या हो. आणि फेरीनंतर चार दिवस तळपाय शेकत बसणारे आमच्याच घरात आहेत.

टाचदुखी:
मी हट्टाने जुनेच बूट वापरले. नडगी धरून तीन आठवडे घरी बसलो. नवे घेतले, थांबलं.

गोदाकाठचा गडी:
तीन आठवडे बसलात म्हणूनही थांबलं असेल! त्याच सुमारास तुम्ही पांडवलेणीच्या पायऱ्या सुरू केल्या होत्या, इथेच फोटो टाकला होतात.

टाचदुखी:
…हे खरं आहे.

कृषीनगरचे काका:
भांडू नका रे. माझं वजन 56, पळतो मातीवर, एक जोड हजार सहज काढतो. आमचे जावई 88 किलोचे, डांबरावर टाच आपटत पळतात. त्यांचे साडेचारशेतच बसले. आकडा फक्त बूट तपासायची आठवण करून देतो. बूट टेबलावर ठेव आणि मागून बघ, टाच एका अंगाला कललीय का. बाजूच्या फोमवर आडव्या सुरकुत्या कायमच्या पडल्यात का, दाबून कडक लागतो का. आणि पळण्यात काही बदल नसताना गुडघा, नडगी कुरकुरायला लागली, तर बूट बघ. पावसात भिजलेले बूट कागद कोंबून सावलीत वाळवतोस ना? उन्हात टाकलेस तर डिंक आधी सुटेल.

अनवाणी बरा:
मोच्याकडून दीडशेत नवा तळ चिकटवून घ्या, हाकानाका.

फोमदास:
गादीला नवी खोळ!

गोदाकाठचा गडी:
काका, आत्ताच टेबलावर ठेवून पाहिले. डावा सरळ आहे. उजवा बाहेरच्या अंगाला चांगलाच कललाय, बायकोलाही लांबून दिसला. आकडा मला अजूनही मान्य नाही. पण गंगापूर रोडसाठी एक नवा जोड बघतो, आणि हे भाजी आणायला.

कृषीनगरचे काका:
उजवा का कलला ते आधी बघ. रस्त्याच्या उतरत्या कडेने रोज एकाच बाजूने पळतोस का?

गोदाकाठचा गडी:
हो की!