पिल्लं सांभाळणाऱ्या मरळीवर फ्रॉग (रबरी बेडूक) टाकायचा का? माझं मत : अजिबात नाही

तळ्याकाठचा (धागा यांनी काढला)

इंदूरच्या गळवाल्या मंडळींनो, पावसाळा लागलाय, तलाव भरायला लागलेत आणि आमच्या कॉलनीमागच्या तलावावर सध्या जिकडे बघावं तिकडे नवे रॉड दिसतायत. चांगलंच आहे, मीही नवा सेट घेतलाय. सात फुटी मीडियम हेवी रॉड, तीन हजार साइजची स्पिनिंग रील, तीस पौंडी ब्रेड (विणलेली दोरी), आणि अमेरिकेत लोक बास या शिकारी माशासाठी वापरतात ते पोकळ रबरी बेडूक. आपल्याकडे बास नाही पण मरळ आहे, आणि हा माल मरळीला एकदम फिट बसतो. बेडकाचे दोन्ही गळ पाठीला चिकटून असतात, त्यामुळे जलकुंभीवरून (जलपर्णीवरून) ओढत आणला तरी कुठे अडकत नाही, आणि पानांच्या फटीत आला की खालून जो दणका बसतो तो ज्याने अनुभवलाय त्यालाच कळेल.

आता मुद्दा. या दिवसांत मरळीची वीण असते. काठाजवळ गवत बाजूला सारून ती जागा करते, अंडी पाण्यावर तरंगतात, दीड-दोन दिवसांत फुटतात आणि मग पुढचे काही आठवडे आईबापांपैकी कोणी ना कोणी पिल्लांच्या खाली फिरत असतं. पिल्लं लालसर नारिंगी, बोटाच्या पेराएवढीही नसतात, घोळक्याने हवा घ्यायला वर येतात, तेव्हा तेवढ्याच वीतभर जागेत बारीक पाऊस पडतोय असं वाटतं. आपले लोक हाच घोळका शोधतात आणि त्याच्या मधोमध बेडूक टाकतात. मोठी मरळ तो भुकेपोटी घेत नाही, पिल्लांवर आलेला शत्रू समजून मारते. पहिल्याला नाही तर चौथ्या-पाचव्या कास्टला (फेकीला) मारतेच. मग फोटो, व्हिडिओ, आणि खाली "रिलीज केली भिया".

माझं म्हणणं एवढंच, की निदान पिल्लं दिसतायत तिथे कोणी टाकू नये, सोडायची असली तरी नाही. कास्ट सुधारायला अख्खा तलाव पडलाय. तुमचं काय मत?

फ्रॉगमास्टर_इंदूर

दादा, आदर आहे पण पटलं नाही. मरळ काही रोहू नाही की पाण्याबाहेर काढली आणि मेली. ती हवेत श्वास घेते, ओल्या बारदानात गुंडाळली तर तासन् तास जिवंत राहते, बाजारात जिवंतच विकतात तिला. मी गळ काढून दोन मिनिटांत परत सोडतो, ती सरळ आपल्या जागेवर जाते, मी डोळ्याने बघितलंय. ज्यांना बंदी हवी त्यांनी आधी जाळं आणि करंट लावणाऱ्यांकडे बघावं, एका रात्रीत सगळं साफ करतात. रॉडवाल्यांमागेच का लागायचं? आणि अमेरिकेत बासवाले बेडवर, म्हणजे घरट्यावर, बसलेला मासा सर्रास पकडतात, टेक्सास-फ्लोरिडात तर बासला बंद हंगामच नाही, तिकडचे तलाव काय ओस पडलेत का.

टोरांटोत_इंदूरकर

फ्रॉगमास्टर, अर्धीच गोष्ट सांगितलीत. मी इकडे ऑन्टारियोत बास पकडतो. इथे बासचा हंगाम उघडतो जूनच्या उत्तरार्धात, आणि त्याचं कारण अगदी तुम्ही म्हणताय तेच घरटं. वसंतात पाणी तापायला लागलं की नर बास उथळ पाण्यात शेपटीने खळगा करतो, मादी अंडी घालून निघून जाते, आणि अंडी-पिल्लं सगळं नर एकटा राखतो. त्याला उचललं की ब्लूगिलसारखे बारके मासे लगेच घरट्यावर तुटून पडतात, त्यांना दोन मिनिटंही पुरतात. दक्षिणेत पाणी लवकर तापतं, वीण लांबते, मासा भराभर वाढतो, म्हणून तिथे बंदी न ठेवता चालतं असं त्या राज्यांना वाटतं. पण तिकडेही बेडवरचा मासा पकडावा का यावर बासवाल्यांमध्ये वर्षानुवर्षं भांडणं आहेत, सर्रास मान्य वगैरे काही नाही.

आणि मासा सोडायची जी पद्धत तुम्ही व्हिडिओत बघता ती रे स्कॉट यांच्या बास स्पर्धांमधून १९७२ नंतर पसरली. ती आली तेव्हा प्रश्न होता मोठ्या मासळीचा जीव वाचवायचा. पिल्लांचं काय होतं हा प्रश्न वेगळा आहे, मासा सोडून तो सुटत नाही. आई जिवंत परत गेली पण तेवढ्यात तिलापियाने घोळका खाल्ला तर तुम्ही नक्की काय वाचवलंत?

कॅच_अँड_कुक

मला हा सगळा वादच उलटा वाटतो. मासा खायचा नसेल तर पकडायचा कशाला? तोंडात गळ घालायचा, ओढायचा, फोटो काढायचा, सोडायचा, आणि वर म्हणायचं आम्ही निसर्गप्रेमी! माझे आजोबा कणकेच्या गोळीवर बारके मासे धरायचे, घरापुरते, आणि आषाढ-श्रावणात काठीला हात लावायचे नाहीत, श्रावण पाळायचे म्हणून. तलावालाही आपोआप सुट्टी मिळायची. पोटासाठी धरणाऱ्याला मी कधी दोष देणार नाही, मजेसाठी छळणाऱ्याला देईन.

फ्रॉगमास्टर_इंदूर

@कॅच_अँड_कुक काका, पण आपल्या शहरातल्या कितीतरी तलावांत आसपासचं सांडपाणी येतं, तिथला मासा घरी नेऊन लेकरांना खाऊ घालायचा का? मी सोडतो त्याचं अर्धं कारण ते आहे. आणि "छळ" म्हणाल तर तुमच्या आजोबांचा गळही लोखंडाचाच होता ना.

समितीवाला

मी मत्स्य समितीत आहे, जरा आमचंही ऐका. तलाव रिकामा पडलेला नसतो, भाडेपट्ट्यावर घेतलेला असतो. पैसे भरून रोहू, कटला, मृगळचं बीज आम्ही टाकतो. मरळ तेच बीज खाऊन मोठी होते. तुम्ही तिची पिल्लं वाचवायच्या गोष्टी करता, आम्हाला एकेक घोळका दिसला की पोटात गोळा येतो. रॉडवाला मरळ काढत असेल तर मी अडवणार नाही, उलट घेऊन जा म्हणेन. पण विचारून या. आमची कटला गळाला लागली की ती पण "रिलीज" म्हणून ओठ फाडून सोडता आणि आठवड्याने ती आम्हाला उलटी तरंगताना मिळते, तिचा भाव कोण देणार.

तळ्याकाठचा

@समितीवाला भाऊ, हा मुद्दा मोलाचा आहे आणि रॉडवाले तो विसरतात. विचारून यायचं हे शंभर टक्के मान्य, ज्याच्या पट्ट्यात पाणी त्याची परवानगी आधी. पण मरळीबद्दल एक सांगतो. तुमच्या बीजाचं नुकसान एकटी मरळ करत नाही. आमच्या तलावात मी गळ टाकतो तेव्हा लागतो तो बहुतेक तिलापिया, आणि तो वर्षातून किती वेळा वितो हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. खाणंही तोच फस्त करतो. आणि तिलापियाची पिल्लं कोण खातं, तर मरळच. ती तलावातून उठली तर तिलापियाला आवरणार कोण?

आणि मंडळी, इथे सोडण्याबद्दल माझं स्पष्ट मत आहे. तिलापिया परत पाण्यात सोडू नका. तो आफ्रिकेतला, आपल्याकडे १९५२ साली आणला, काही वर्षांतच तो डोईजड होतोय हे लक्षात आलं. थाई मांगूर तर बंदी असलेला मासा आहे. व्हिडिओ बघून "सगळं सोडा" हा नियम जसाच्या तसा उचलायचा नसतो. जपानमध्ये बिवा सरोवरात २००९ साली जगातल्या सर्वांत मोठ्या बासची बरोबरी करणारा मासा मिळाला, दहा किलोच्या वर, पण त्याच सरोवरात पकडलेला बास परत सोडायला २००३ पासून बंदी आहे, कारण तिथे बास बाहेरून आलेला. आणि आपली मोठी मरळ? ती २००० साली फ्लोरिडाच्या कालव्यांत सापडली, तिकडे ती घुसखोर, तिकडे सांगतात सापडली तर मारा. म्हणजे मासा तोच, पण कुठल्या पाण्यात आहे त्यावर नियम फिरतो. इथल्या पाण्यात मरळ घरची आहे.

कायद्याचं_बोला

कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते, वीण असते म्हणूनच. मोडली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यामुळे इंदूरजवळच्या यशवंतसागर तलावावर नवीन रॉड घेऊन जुलैत फिरायला जाणाऱ्यांनी जपून. ते पाणी गंभीर नदीवरचं आहे, शिवाय सिरपूर तलावाप्रमाणे तेही २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे.

फ्रॉगमास्टर_इंदूर

@कायद्याचं_बोला तोच नियम पुढे वाचा ना भिया. ज्या छोट्या तलावांचा नदीशी संबंध नाही ते त्यातून वगळलेत. कॉलनीमागचा तलाव त्यातच मोडतो. म्हणजे सरकारलाही तिथे अडचण वाटत नाही, मग आपण कशाला आणखी एक बंदी डोक्यावर घ्यायची?

तळ्याकाठचा

सूट आहे हे खरंय. पण ती सूट कशामुळे असेल याचा विचार करा. छोट्या तलावात बीज माणूस टाकतो, मासा माणूसच काढतो, ते एक शेतच धरलंय. मरळीचं बीज तिथे कोण टाकतं? कोणी नाही. ती आपली आपण टिकून आहे. नदीत एक घोळका गेला तर वरून-खालून दुसरी मरळ येईल. आमच्या तलावाला ना ओढा ना नदी, तिथे दोन-चार जोड्या असतील नसतील आणि काठावर संध्याकाळी डझनभर रॉड. कायद्याने जिथे मोकळीक दिलीय तिथे तर जास्त सांभाळायला हवं असं मला वाटतं.

आणि "ती सरळ जागेवर जाते" याबद्दल. जाते, मान्य. पण गेल्या आठवड्यात काठावर उभा राहून मी बघितलं ते सांगतो. एका मुलाने घोळक्यावरची मरळ काढली, चांगली दीड-दोन किलोची. गळ जबड्याच्या कोपऱ्यात खोल, पक्कड शोधण्यात वेळ गेला, मासा तापलेल्या सिमेंटच्या पायरीवर आपटत होता, अंगाचा बुळबुळीत थर पायरीला लागून चकाकत होता. इकडे पाण्यावर घोळका फुटला, पिल्लं गवताकडे पांगली आणि खालून छोटे छोटे बुडबुडे उठायला लागले. मरळ सोडली ती जिथे पायरी होती तिथे, म्हणजे घोळक्यापासून चांगलीच लांब. तो मुलगा वाईट नाही, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून हा धागा.

काठावरची_ताई

मी मासे पकडत नाही, माझी बाल्कनी तलावाकडे आहे एवढंच. तुमचा मरळीचा वाद चालू द्या पण तुटलेली दोरी काठावर टाकून जाता त्याचं काय? मागे एक बगळा पायाला नायलॉन गुंडाळलेला जलकुंभीवर फडफडत होता, आमच्या वॉचमनने बांबूने ओढून कात्रीने सोडवला. ती हिरवी दोरी दिसतसुद्धा नाही. लहान मुलं अनवाणी उतरतात तिथे, विसर्जनाच्या दिवसांत तर सगळा मोहल्ला उतरतो. तीन तोंडांचे ते गळ कोणाच्या तळपायात घुसले म्हणजे?

टोरांटोत_इंदूरकर

ताई बरोबर बोलल्या. ब्रेड तर मोनोपेक्षा (एकपदरी नायलॉन दोरीपेक्षा) वाईट, कुजतच नाही म्हणा ना. तुटलेली दोरी गुंडाळून खिशात, घरी नेऊन बारीक तुकडे करून मग कचऱ्यात. तीन तोंडांचा गळ तळ्यावर हवाच कशाला, फ्रॉगला तो नसतोच.

फ्रॉगमास्टर_इंदूर

दोरीबद्दल ताईंचं एकदम मान्य, यात वादच नाही, रविवारी सकाळी मी काठ साफ करायला येतो, पोहे खाऊन सात वाजता, कोण कोण येतंय सांगा.

पण घोळक्याबद्दल मी अजून तुमच्या बाजूला आलेलो नाही दादा. मला मोठी मरळ हवीय, नवीन रॉड त्यासाठीच घेतलाय, आणि मोठी मरळ उघड्यावर येते ती याच दिवसांत. बाकी वर्षभर ती जलकुंभीत दडून बसते. तुम्ही म्हणता अख्खा तलाव पडलाय, पण मोठी मरळ अख्ख्या तलावात नसते ना.

तळ्याकाठचा

मोठी मरळ ऑक्टोबरनंतरही मिळते. पाणी निवळतं, दुपारी ऊन पडलं की ती जलकुंभीच्या कडेला वर येऊन हवा घेते, एक गोल बुडबुडा उठतो. तिथून दोन-तीन हात पलीकडे बेडूक टाकायचा, थांबवत थांबवत आणायचा, दणका बसला तरी लगेच झटका द्यायचा नाही, एक श्वास थांबून मग. तेव्हा ती बेडूक खरंच खायला घेते. मला तरी ती मरळ जास्त मोठी वाटते, मग वजनकाटा काहीही दाखवो.

नवा_गडी

मी अगदी नवीन आहे, रॉड कालच आलाय. चुकून घोळक्यावरचीच लागली तर काय करायचं ते सांगा, बाकी वाद मला झेपत नाही.

तळ्याकाठचा

गळाची उलटी धार आधीच पक्कडने दाबून टाक, घरूनच, म्हणजे गळ सहज निघतो. लागलीच तर मासा पायरीवर घेऊ नकोस, पाण्यातच धर, हात ओले करून. पक्कड खिशात नाही, दोरीने गळ्यात. फोटो राहू दे. आणि जिथे लागली तिथेच, घोळक्याच्या शक्य तितक्या जवळ सोड, मग तिथून उठून दुसऱ्या काठाला जा, परत त्या जागी कास्ट नको.

फ्रॉगमास्टर_इंदूर

धार दाबायचं चांगलं सांगितलंत, ते मी पण करतो. घोळक्याचं रविवारी काठावर बोलू.