शब्दचर्चा: औषधाला दाद न देणारे जंतू

फोंड्याहून: इथल्या एका रुग्णालयासाठी रुग्णांच्या नातेवाइकांना वाटायचं मराठी पत्रक लिहितो आहे. ‘अँटिबायोटिक रेझिस्टन्स’साठी ‘प्रतिजैविक प्रतिकारशक्ती’ चालेल का?

म्हापशाहून: नको. प्रतिकारशक्ती म्हटलं की माणसाला आपल्या अंगातली आठवते आणि ती वाढलेली बरीच वाटते. इथे बळावलाय तो जंतू. बातम्यांत ‘प्रतिजैविक प्रतिरोध’ छापतात, तो शब्द अचूक आहे. पण वॉर्डाबाहेर बाकावर बसलेल्या माणसाला तो कळायचा नाही. ‘ताप औषधाला दाद देईना’ असं आपण घरी म्हणतोच. तेच घ्या: औषधाला दाद न देणारे जंतू.

डिचोलीहून: मी लॅबमध्ये काम करते. ‘अंगाला औषधाची सवय झाली’ हे पत्रकात कुठेही येऊ देऊ नका, हात जोडून सांगते. अंगाला सवय होत नाही. औषधाने बाकीचे जंतू मरतात, ज्यांच्या जनुकांत बदल झालेला असतो ते उरतात आणि त्यांचीच वीण वाढते. कुणी औषध फोडणारं विकर (एन्झाइम) तयार करतो, कुणी आत शिरलेलं औषध बाहेर फेकतो. वर हे जनुक दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देता येतं. म्हणून ज्याने वर्षानुवर्षं अँटिबायोटिकची गोळी घेतलेली नाही, त्यालाही आयसीयूत कॅथेटर (अंगात घातलेली नळी) किंवा व्हेंटिलेटरच्या नळीतून क्लेब्सिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर यांसारख्या जंतूंची अशी जात लागू शकते. ‘सवय’ लिहिलंत की सगळा दोष त्या रुग्णाच्या माथी जातो.

फोंड्याहून: पटलं. कल्चर रिपोर्टात, म्हणजे जंतू वाढवून त्यांच्यावर कोणतं औषध चालतं ते तपासलेल्या अहवालात, औषधांपुढे ‘एस’ आणि ‘आर’ असतं, त्याचं काय करू? आणि अशा जंतूंना ‘सुपरबग’ म्हणतात, त्याचं?

डिचोलीहून: ‘एस’ला ‘संवेदनशील’ लिहू नका, लोक त्याचा अर्थ ‘रुग्णाला या औषधाची अॅलर्जी’ असा लावतात. ‘एस: या औषधाचा जंतूवर परिणाम होईल’, ‘आर: होणार नाही’, एवढं पुरे. ‘सुपरबग’ गाळा, माणसं उगाच घाबरतात. मेथिसिलीन हे अँटिबायोटिक बाजारात आल्यावर लगेच, 1961 मध्येच, त्याला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस जंतू इंग्लंडमध्ये नोंदला गेला होता. त्याला डॉक्टर एमआरएसए म्हणतात. तेच नाव ठेवा, रिपोर्टावरही तेच असतं.

म्हापशाहून: ‘जंतू’च्या जागी कुठे ‘विषाणू’ पडला नाही ना, तेवढं तपासा. विषाणूवर अँटिबायोटिक चालतच नाही. गोळ्यांच्या पट्टीवरच्या लाल उभ्या रेघेबद्दलही एक ओळ घाला: ती रेघ असलेलं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही.