सायकल मार्ग बांधून झाल्यावर त्याची नोंद कोण ठेवतो? तुकडानिहाय जाहीर नोंदवही हवी की नको?

पेठ-ते-पाषाण (धागाकर्ता)

पुणे महापालिकेच्या मुख्य सभेने डिसेंबर 2017 मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यात सुमारे 825 किलोमीटरचे जाळे सुचवलेले होते. त्याच्या बरेच आधी, 2006 मध्ये, कात्रज-स्वारगेट-हडपसर या प्रायोगिक बीआरटीच्या (बससाठी राखीव मार्गिकेच्या) कडेने सायकल मार्ग झाले होते, आणि 2016 मध्ये शहराने रस्त्यांच्या रचनेसाठी स्वतःची मार्गदर्शक तत्त्वेही तयार केली होती. म्हणजे कागदाची वानवा पुण्यात कधीच नव्हती. तरीही यातला कोणता तुकडा आज सायकल चालवण्याजोगा आहे, हे नागरिकाला एका जागी पाहता येत नाही.

माझ्या मते अडचण मोजण्याच्या पद्धतीत आहे. किलोमीटर हे निविदेचे आणि देयकाचे एकक आहे. सायकलस्वाराला मात्र या चौकातून त्या चौकात न उतरता जाता येते का, एवढेच कळायला हवे असते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मार्ग केला की एका किलोमीटरचे दोन होतात, आणि मधला शंभर मीटरचा भाग सुटला तरी उरलेली लांबी बेरजेत बिनदिक्कत जमा होते. माझ्या घराजवळच्या एका रस्त्यावर असा मार्ग आहे. तो बसथांब्याच्या मागून सुरू होतो, पण सुरुवातीलाच दोन लोखंडी खांब इतके जवळ रोवले आहेत की हँडल तिरके केल्याशिवाय आत जाता येत नाही. पुढे लाल पेव्हर ब्लॉकच्या पट्ट्यात नेमका मधोमध विजेचा फीडर पिलर (वीज वितरणाची लोखंडी पेटी) उभा आहे. पेट्रोल पंपाच्या प्रवेशापाशी मार्ग संपतो तिथे उतार नाही, सरळ वीतभर खाली उडी आहे. मोजपट्टी धरली तर हा मार्ग लांबीला भरतो. सायकल घेऊन गेलात तर भरत नाही.

म्हणून प्रस्ताव असा की, चौक ते चौक अशा प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्यावा आणि त्याची अवस्था जाहीर असावी: नियोजित, निविदा, कार्यारंभ आदेश, काम चालू, वापरात, खंडित, काढून टाकला. यातल्या शेवटच्या दोन अवस्था मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात, कारण त्या आज कोणत्याही प्रगती अहवालात दिसत नाहीत. ‘वापरात’ अशी नोंद करण्यासाठी किमान अटी असाव्यात: आयआरसी 11 या इंडियन रोड्स काँग्रेसच्या सायकल मार्गांसंबंधीच्या संहितेनुसार 2 मीटर रुंदी, दोन्ही टोकांना उतार, चौक ओलांडण्यासाठी आखणी आणि मार्गात एकही पक्का अडथळा नसणे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 नुसार प्रशासनाने बरीच माहिती आपणहून प्रसिद्ध करायची असते. शिवाय पर्यावरण सद्यस्थिती अहवाल दरवर्षी 31 जुलैपर्यंत सादर होतोच. ही यादी त्याला जोडली तर नवीन यंत्रणा उभारण्याचीही गरज नाही.

निवृत्त उपअभियंता

प्रस्तावामागचा हेतू चांगला आहे, पण माझा त्याला विरोध आहे आणि त्याची कारणे कामाच्या जागेवरची आहेत. रस्त्याच्या कामाची नोंद होत नाही, ही समजूत चुकीची आहे. मोजमाप पुस्तकात प्रत्येक बाब लिहिलेली असते, त्यावर सह्या असतात, पूर्णत्वाचा दाखला असतो आणि त्यानंतर दोष दायित्व कालावधीही असतो, म्हणजे कामातले दोष कंत्राटदाराने स्वतः दुरुस्त करून देण्याची मुदत. तुम्ही वर्णन केलेला फीडर पिलर त्या कंत्राटदाराच्या कामाचा भागच नसतो. तो हलवण्यासाठी वीज कंपनीकडे रक्कम भरावी लागते, त्यांच्याकडून वेळ मिळवावी लागते आणि तोपर्यंत आर्थिक वर्ष संपून निधी परत जातो. अशा वेळी कनिष्ठ अभियंत्यापुढे दोनच पर्याय उरतात: पिलर सोडून काम उरकणे, किंवा कामच न करणे.

तुमची नोंदवही आली की तो दुसरा पर्याय निवडेल. डांबरीकरण केले तर कोणी ‘खंडित’ असा शिक्का मारत नाही. सायकल मार्ग केला तर मात्र दर महिन्याला कोणीतरी फोटो टाकणार आणि स्पष्टीकरण मागणार. ज्या कामाची चिकित्सा सर्वाधिक, ते काम अंदाजपत्रकातून सर्वांत आधी वगळले जाते, हे मी अनेकदा जवळून पाहिले आहे. स्पेनमधल्या सेव्हिया शहराचा दाखला सायकलप्रेमी नेहमी देतात. तिथे 2006 नंतरच्या मोजक्या वर्षांत शंभर किलोमीटरहून अधिक जोडलेले जाळे उभे राहिले, ते राजकीय निर्णय झाला आणि एकदम काम झाले म्हणून. आधी बांधू द्या, हिशेब नंतर मागा.

नकाशेवाला

सेव्हियाच्या उदाहरणातला ‘जोडलेले’ हा भाग तुमच्याच मुद्द्याला छेद देतो. तिथल्या लोकांनी सायकली बाहेर काढल्या, त्या मार्ग एकमेकांना मिळत होते म्हणून. मार्ग एकमेकांना मिळतात की नाही, हे तुकडानिहाय नकाशाशिवाय कळणार कसे?

असे काम इतरत्र झालेले आहे. लंडनच्या वाहतूक प्राधिकरणाने 2019 मध्ये सायकलसंबंधीच्या सुविधांची संपूर्ण यादी खुली केली. मार्गिका, सिग्नल, सायकल उभी करायच्या जागा, गतिरोधक अशा सुमारे 2,40,000 नोंदी त्यात आहेत आणि त्यांच्यासोबत 4,80,000 छायाचित्रे आहेत. पॅरिसचे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते, कारण तिथे प्रशासनाची वाट न पाहता नागरिकांनी सुरुवात केली. शहराने 2015 ते 2020 या काळात सायकल मार्ग 700 वरून 1,400 किलोमीटरवर नेण्याचे जाहीर केले, तेव्हा ‘पारी आँ सेल’ या सायकलस्वारांच्या संघटनेने आराखड्यातला एकेक तुकडा नकाशावर मांडून किती झाला, किती राहिला याचा जाहीर हिशेब ठेवला. उद्दिष्ट वेळेत गाठले गेले नाही, पण कुठे गाठले गेले नाही हे सर्वांना दिसत होते. आपल्याकडे ओपनस्ट्रीटमॅप या कोणालाही भर घालता येणाऱ्या खुल्या नकाशावर हे आजही करता येते. फूटपाथपासून वेगळा मार्ग, रंगवलेला पट्टा, पृष्ठभाग, रुंदी अशी प्रत्येक गोष्ट नोंदवण्याची सोय त्यात आहे.

आजोबा चालत निघाले

चर्चा रंगली आहे, पण मुळात हे मार्ग कोणाच्या जागेतून काढले जातात याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. मोटारींची मार्गिका जिथल्या तिथे राहते आणि सायकल मार्ग फूटपाथच्या पोटातून कापला जातो. मी सत्तरी ओलांडलेला माणूस आहे. फूटपाथवर हातगाड्या, दुचाक्या आणि दुकानांच्या पाट्या असतात, म्हणून मी सायकल मार्गावरून चालतो, आणि मागून घंटी वाजली की दचकतो. तुमच्या नोंदवहीत मी बहुधा ‘अडथळा’ म्हणून नोंदला जाईन!

वापर नसलेले मार्ग जपण्यापेक्षा ते काढून टाकावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात 2011 च्या सुमारास बांधलेला सायकल मार्ग काढून वाहनांसाठी मार्गिका वाढवण्याचे एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) 2025 मध्ये ठरवले. ती जागा मोटारींना दिली हे मला पटले नाही, पादचाऱ्यांना द्यायला हवी होती. पण रिकामा मार्ग कायम ठेवण्यातही अर्थ नव्हता. आधी फूटपाथचा हिशेब मांडा, सायकलचे नंतर पाहू.

पेठ-ते-पाषाण

आजोबा, तुम्ही मांडलेली अडचण खरी आहे, आणि ती नोंदीत यावी असेच मला वाटते. सायकल मार्गासाठी फूटपाथची रुंदी किती कमी केली, हा रकाना प्रत्येक तुकड्यापुढे असायला हवा. तो असला तर पुढच्या वेळी जागा मोटारींच्या मार्गिकेतून घ्या, असे आकड्यांनिशी म्हणता येईल.

वांद्रे-कुर्ला संकुलाच्या बाबतीत मात्र मी वेगळा निष्कर्ष काढतो. मार्ग रिकामा होता, असे म्हणून तो काढला जातो. पण तो संकुलाबाहेरच्या स्थानकांशी किती सलग जोडलेला होता, त्यावर किती वाहने उभी असत, दुरुस्ती कधी झाली, याची वर्षावर्षाची नोंद लोकांसमोर असती तर तो वापराअभावी ओस पडला की देखभालीअभावी, यावर निदान वाद घालता आला असता. पवईचे उदाहरण याच्या उलट आहे. तलावाकाठचा सायकल मार्ग मुंबई उच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये बेकायदा ठरवला आणि केलेले बांधकाम काढून जागा पूर्ववत करायला सांगितले. म्हणजे प्रत्येक मार्ग टिकलाच पाहिजे असा माझा आग्रह नाही. काढला तर का काढला, हे लिहिलेले असावे.

अभियंता साहेबांच्या मुद्द्यावर एवढेच म्हणेन की, मोजमाप पुस्तक ठेकेदाराचे देयक निघेपर्यंतच बोलते. दोष दायित्व कालावधी संपल्यावर त्या मार्गाचा वाली कोण, पथ विभाग की क्षेत्रीय कार्यालय, हे नागरिकाने कुठे पाहायचे? शिवाय शहराच्या हद्दीत 2017 मध्ये 11 गावे आली, 2021 मध्ये आणखी 23 आली. आराखड्याची लांबी तीच धरून टक्के काढायचे की नवीन रस्ते धरून, हेही कोणी ठरवलेले नाही. मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर पुढे कित्येक वर्षे प्रशासकांचा कारभार होता, त्यामुळे मुख्य सभेत प्रश्न विचारून हे वदवून घेण्याची वाटही त्या काळात बंदच होती.

पहाटपाळी

मी कारखान्याच्या पहिल्या पाळीला सायकलवर जातो. माझ्यासोबत रस्त्यावर असतात ते सुरक्षारक्षक, माळीकाम करणारे, पेपर टाकणारी मुले आणि दुधाच्या पिशव्या लावलेले लोक. यातला जवळपास कोणीच सायकल मार्गावर चढत नाही. आम्ही डांबरावरूनच जातो, कारण तो रस्ता सलग आहे आणि पहाटे मोकळा असतो. फोटो काढून नकाशावर टाकणारे लोक रविवारी सकाळी सिंहगडाकडे जाणारे असतील, तर नोंदी त्यांच्याच रस्त्यांच्या होतील. हडपसर, भोसरी, कोंढवा इथल्या आतल्या रस्त्यांचे रकाने रिकामे राहतील, आणि मग तिथे काही करायचीच गरज नाही असे ठरेल.

माझे म्हणणे तुम्हा सगळ्यांपेक्षा वेगळे आहे. प्रत्येक रस्त्याला वेगळा मार्ग लागतच नाही. आतल्या रस्त्यांवर मोटारींचा वेग ताशी 30 किलोमीटरच्या आत आणला, तर तिथे सायकल सुखाने चालते. तेव्हा नोंद ठेवायचीच असेल तर कोणत्या रस्त्यावर गाड्या किती वेगाने जातात, रात्री दिवे लागतात का आणि पावसात पाणी कुठे साचते, याची ठेवा. चकचकीत पेव्हर ब्लॉक मोजून आमचा प्रवास सुरक्षित होत नाही.

नकाशेवाला

नोंदी करणाऱ्यांचा कल नोंदीत उतरतो, ही तुमची हरकत मी मान्य करतो. म्हणूनच सगळा भार स्वयंसेवकांवर टाकू नये. आराखड्यात आहे तो प्रत्येक तुकडा प्रशासनाने यादीत आधी आपणहून घ्यावा, भले त्यापुढे ‘काहीच झालेले नाही’ असे लिहावे लागले तरी. रिकामा रकाना आणि वगळलेला रस्ता या दोन्ही गोष्टी एक नव्हेत. वेगाचा रकाना जोडायला तर माझी पूर्ण संमती आहे.

निवृत्त उपअभियंता

इतके वाचल्यावर माझा विरोध थोडा नेमका करतो. नियोजित ते वापरात इथपर्यंतच्या अवस्था जाहीर करायला कोणत्याही विभागाची अडचण असू नये. ती माहिती फायलीत असतेच. माझा आक्षेप ‘खंडित’ या नोंदीला आहे, कारण मार्ग खंडित करणारा बहुधा तो बांधणारा नसतो. जलवाहिनी, गॅस, केबल, मेट्रो, यांपैकी कोणीतरी खोदाई परवानगी घेतो, रस्ता पूर्ववत करण्याचे शुल्क भरतो आणि निघून जातो. खड्डा कसाबसा बुजतो, पण पेव्हर ब्लॉकखालची खडी नीट दाबली जात नाही, आणि पहिल्या पावसात चेंबरच्या झाकणाभोवतीचा भाग खचतो. शिव्या मात्र पथ विभाग खातो.

तेव्हा नोंदवही करायचीच असेल तर ती खोदाई परवानगीशी जोडा. ज्या संस्थेला परवानगी दिली तिचे नाव, खोदाईची तारीख आणि पूर्ववत करण्याची मुदत त्या तुकड्याच्या क्रमांकापुढे आपोआप उमटली पाहिजे, आणि मुदत उलटली की ‘खंडित’ हा शेरा त्या संस्थेच्या नावाने लागला पाहिजे. हे न करता नुसते फोटो मागवणार असाल, तर नवीन मार्गाच्या प्रस्तावावर सही करू नकोस, असेच मी आजही एखाद्या तरुण अभियंत्याला सांगेन.

पेठ-ते-पाषाण

खोदाई परवानगीची जोड मूळ प्रस्तावात घेतो. मात्र पूर्ववत करण्याचे शुल्क महापालिकेकडे जमा झालेले असेल, तर खड्डा बुजवण्याची जबाबदारी खोदणाऱ्या संस्थेची उरते की महापालिकेची, एवढे आधी सांगा. कारण शेरा कोणाच्या नावाने लावायचा हे त्यावरच ठरेल.