ओहायोतील शेताची वाटणी, १८४० चे दशक: विधवेला स्वतःचीच भांडी लिलावात का घ्यावी लागली?

दप्तरवाचक

नमस्कार. अमेरिकेतील ओहायो राज्याच्या एका ग्रामीण काउंटीतील न्यायालयीन दप्तर मी सध्या वाचत आहे. त्यात १८४० च्या दशकातील एका शेतकऱ्याच्या मिळकतीच्या वाटणीचे कागद आहेत. शेतकरी मृत्युपत्र न करता वारला. त्याच्या मागे पत्नी, सात अपत्ये (त्यांपैकी दोन विवाहित मुली आणि दोन अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुले) आणि १६० एकर जमीन राहिली. सातही अपत्यांचा हिस्सा समान आहे असे न्यायालयाच्या आदेशात स्पष्ट लिहिलेले असूनही जमीन अखेरीस एका मधल्या मुलाकडे गेलेली दिसते. विधवेच्या हिश्श्याचे वर्णन तर पूर्वेकडील खोली, तळघराचा अर्धा भाग आणि विहिरीपर्यंत जाण्यायेण्याची वाट असे अगदी बारकाईने केलेले आहे.

सर्वांत अधिक मनाला लागली ती जंगम मालाच्या लिलावाची यादी. सूत कातण्याचा चरखा, एक बिछाना, सहा ताटे आणि एक गाय, या चार नोंदींपुढे खरेदीदार म्हणून खुद्द विधवेचे नाव आहे. ज्या वस्तू तिने आयुष्यभर वापरल्या, त्या तिने पैसे देऊन का घ्याव्यात? जाणकारांनी कृपया उलगडा करावा.

बांधावरून

आपल्या प्रकरणाचे मूळ १७८७ च्या नॉर्थवेस्ट ऑर्डिनन्समध्ये आहे. ओहायो नदीच्या वायव्येकडील प्रदेशासाठी काँग्रेसने केलेल्या या कायद्यात वारसाहक्काची तरतूद अगदी आरंभीच येते: मृत्युपत्र नसल्यास मिळकत सर्व अपत्यांना समान मिळावी, मृत अपत्याचा हिस्सा त्याच्या मुलांना मिळावा, आणि विधवेला स्थावराचा एक तृतीयांश भाग तहहयात व जंगमाचा एक तृतीयांश भाग कायमचा मिळावा. ओहायोला १८०३ मध्ये राज्याचा दर्जा मिळाल्यानंतर तेथील विधिमंडळाने स्वतःचे कायदे केले, तरी समान हिस्से आणि विधवेचा तहहयात तिसरा हिस्सा ही चौकट टिकून राहिली. थोरल्या मुलाला सर्व जमीन देण्याची इंग्रजी रीत अमेरिकेतील राज्यांनी स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत मोडीत काढली होती.

मात्र कागदावर समान असलेला हिस्सा शेतात समान राहत नसे. १६० एकरांचे सात तुकडे केले तर प्रत्येकी तेवीस एकरांपेक्षा कमी जमीन येते, आणि त्यातही कोठे झरा, कोठे जळणाचे जंगल, कोठे दलदल. म्हणून न्यायालय तीन त्रयस्थ जमीनधारकांना पंच नेमत असे. त्यांनी जागेवर जाऊन पाहणी करावी, नुकसान न होता वाटणी शक्य असेल तर सरसनिरस पाहून हद्दी आखाव्यात, आणि शक्य नसेल तर संपूर्ण जमिनीची किंमत ठरवावी, असा आदेश असे. मग एखाद्या वारसाने ठरलेल्या किमतीत जमीन घ्यावी आणि इतरांना त्यांच्या हिश्श्याची रक्कम द्यावी; कोणीच पुढे आले नाही तर शेरीफने, म्हणजे न्यायालयाचे हुकूम बजावणाऱ्या काउंटीच्या अधिकाऱ्याने, जाहीर लिलाव करावा. आपल्या कागदांतील मधल्या मुलाने बहुधा हाच मार्ग घेतला असावा. पेनसिल्व्हेनियात तर हा निवडीचा अधिकार प्रथम थोरल्या मुलाला आणि त्याने नकार दिल्यास क्रमाने पुढच्यांना मिळत असे. जमीन राखणाऱ्याच्या डोक्यावर भावाबहिणींचे देणे वर्षानुवर्षे राहत असे, हे विसरता कामा नये. ज्याला जमीन मिळाली त्याचे भले झाले, असा निष्कर्ष केवळ आदेश वाचून काढू नये.

आता लिलावाविषयी. विवाहानंतर स्त्रीची जंगम मालमत्ता पतीची होई, हा त्या काळच्या कायद्याचा पाया होता. त्यामुळे माहेरून आणलेला बिछानाही पतीच्या मिळकतीच्या यादीत चढे. कायद्याने काही वस्तू आणि वर्षभराचा निर्वाह विधवेसाठी वेगळा काढला जाई. त्यापलीकडचे सर्व विकून आधी कर्जे फेडली जात. तिला जे हवे असेल ते तिने बोली लावून घ्यावे आणि ती रक्कम तिच्या जंगमाच्या तिसऱ्या हिश्श्यातून वळती करावी, अशी पद्धत रूढ होती. अशा वेळी शेजारी तिच्याविरुद्ध बोली चढवत नसत, असेही अनेकदा दिसते. आपल्या यादीत तिने घेतलेल्या वस्तूंच्या किमती इतरांच्या तुलनेत फारच कमी असतील, तर हे त्याचेच चिन्ह मानावे.

प्रेअरीचा वाचक

विधवेच्या तहहयात हक्काला, म्हणजे डॉवरला, व्यवहारात काय किंमत होती हे समजण्यासाठी अब्राहम लिंकन यांच्या घरातील प्रकरण पाहण्यासारखे आहे. त्यात वाटणीच्या कायद्याच्या दोन्ही बाजू एकाच कुटुंबात दिसतात.

लिंकन यांचे आजोबा १७८६ मध्ये केंटकीत मारले गेले. तो भाग तेव्हा व्हर्जिनियात होता, आणि थोरल्या मुलाचा एकहाती हक्क रद्द करणारा व्हर्जिनियाचा कायदा अमलात आला १ जानेवारी १७८७ रोजी. काही महिन्यांच्या या फरकामुळे जमिनी कायद्याने थोरल्या मॉर्डेकाय यांच्याकडे गेल्या आणि धाकटे थॉमस, म्हणजे अब्राहम यांचे वडील, बालपणीच भूमिहीन झाले.

पुढे थॉमस इलिनॉयमधील कोल्स काउंटीत स्थायिक झाले. त्यांच्या जमिनीपैकी पूर्वेकडील ४० एकरांचा तुकडा अब्राहम यांनी १८४१ मध्ये २०० डॉलरला विकत घेतला आणि आईवडिलांना त्याचा तहहयात उपभोग राखून ठेवला. थॉमस १७ जानेवारी १८५१ रोजी वारले तेव्हा त्यांचे एकच अपत्य हयात होते, अब्राहम. सावत्र भाऊ जॉन जॉन्स्टन तेथेच शेती करीत होते. पण सावत्र मुलाला वारसाहक्कात काहीच मिळत नसे. अब्राहम यांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उरलेल्या ८० एकरांतील आपला हक्क एका डॉलरला जॉन्स्टन यांना दिला, मात्र सावत्र आई सारा यांचा डॉवर हक्क त्यात राखून ठेवला.

थोड्याच दिवसांत जॉन्स्टन यांनी पूर्वेकडचे ४० एकरही ३०० डॉलरला विकावेत, त्यांतील १०० स्वतः न्यावेत आणि २०० आईसाठी आठ टक्के व्याजाने ठेवावेत असे सुचवले. २५ नोव्हेंबर १८५१ च्या उत्तरात लिंकन यांनी हिशेब मांडला: आईला वर्षाकाठी केवळ १६ डॉलर मिळतील. स्वतःसाठी आपल्याला काही नको, पण आईच्या बाबतीत हे मान्य नाही, असे त्यांनी स्पष्ट कळवले. उरलेल्या ८० एकरांतील तिसऱ्या हिश्श्याचा हक्क तिने आधीच जॉन्स्टन यांच्या हाती जाऊ दिला आहे, हेही त्यांच्या नजरेतून सुटले नाही.

वकील असलेला एक मुलगा पाठीशी होता म्हणून सारा यांच्या हक्काचा असा जाब विचारला गेला. आपल्या ओहायोच्या विधवेच्या बाबतीत खोली, तळघर आणि विहिरीची वाट लिहून ठेवली गेली ती अशा पाठीराख्यावर विसंबावे लागू नये म्हणून. मुलाशी किंवा सुनेशी उद्या पटले नाही तर तिला पाणी भरण्यापासून कोणी अडवू नये, एवढी खबरदारी पंचांनी घेतलेली दिसते. कायद्याने मिळणारा डॉवर पतीच्या सामान्य कर्जदारांच्या आवाक्याबाहेर असे, आणि तिने पुनर्विवाह केला तरी तो तहहयात चाले. याउलट मृत्युपत्र करणारे पती बहुतेकदा ‘विधवा राहील तोपर्यंतच’ अशी अट घालत. तसे मृत्युपत्र नाकारून डॉवर घेण्याची मुभा तिला होती.

चेसापीक

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, पण ‘ग्रामीण अमेरिकेतील वाटणी’ म्हणताना दक्षिणेकडे पाहिल्याशिवाय चित्र अर्धेच राहते. तेथे जंगम मालाच्या यादीत माणसे असत. मेरीलँडमधील टॉल्बट काउंटीतील ॲरन अँथनी १८२६ च्या नोव्हेंबरमध्ये मृत्युपत्र न करता वारले. १८२७ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्या वारसांत वाटणी झाली. त्यासाठी बॉल्टिमोरला ठेवलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलाला परत आणून इतर गुलामांबरोबर, घोडे आणि डुकरांच्या रांगेत, त्याची किंमत ठरवण्यात आली. तो मुलगा म्हणजे पुढे गुलामगिरीविरोधी वक्ते आणि लेखक म्हणून जगाला माहीत झालेले फ्रेडरिक डग्लस. ते अँथनी यांच्या कन्येच्या वाट्याला, म्हणजे प्रत्यक्षात जावई थॉमस ऑल्ड यांच्याकडे गेले. डग्लस यांचे काही सख्खे नातेवाईक दुसऱ्या वारसाकडे गेले. ओहायोतील पंच ज्या काळजीने सरसनिरस पाहत, त्याच काळजीने येथे तीन समान ढिगांत कुटुंबे तोडली जात होती, आणि मेरीलँडमध्ये १८६४ पर्यंत हे सर्व कायदेशीर होते.

दप्तरवाचक

तिघांचेही मनापासून आभार. यादी पुन्हा पाहिली: विधवेच्या नावापुढील किमती खरोखरच अत्यल्प आहेत. आणखी एक शंका आहे. विवाहित मुलींच्या हिश्श्याच्या पावतीवर त्यांच्या पतींच्या सह्या का आहेत?

बांधावरून

पत्नीला मिळणारी रोख रक्कम पतीची होत असे, म्हणून पावती त्यानेच द्यायची. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचे कायदे १८३९ मध्ये मिसिसिपीत आणि १८४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये झाले. आपल्या ओहायोच्या बहिणींना त्यांचा उपयोग नव्हता. जमिनीत त्यांचे स्थान थोडे अधिक बळकट होते. हक्क सोडून देणाऱ्या दस्तावर पत्नीची सही लागे आणि पतीच्या अनुपस्थितीत तिला वेगळे बोलावून, ती स्वखुशीने सही करीत आहे का, असे अधिकाऱ्याने विचारणे आवश्यक असे. म्हणून केवळ वाटणीच्या फायलीवर थांबू नका. त्याच काउंटीच्या खरेदीखतांच्या नोंदवहीत पुढील दहा-पंधरा वर्षे या मधल्या मुलाचे नाव शोधा. बहिणींची हक्कसोडपत्रे आणि अज्ञान भावांनी सज्ञान झाल्यावर करून दिलेले दस्त तेथे सापडण्याची शक्यता आहे. आणखी एक सूचना अशी की, ओहायोत स्वतंत्र प्रोबेट न्यायालये, म्हणजे मृतांच्या मिळकती आणि पालकनियुक्ती पाहणारी न्यायालये, १८५१ च्या राज्यघटनेने आली. त्याआधीची पालकनियुक्तीची कागदपत्रे आपल्याला कॉमन प्लीज, म्हणजे काउंटीच्या सर्वसाधारण, न्यायालयाच्या दप्तरात पाहावी लागतील.