नवऱ्याने चलानची फाइल उघडली, आता पाहुण्यांच्या आधार कार्डांचं काय?

तारकर्लीची वहिनी
तारकर्लीला आमचं दोन खोल्यांचं होमस्टे आहे. जेवण माझ्याकडे, बुकिंग आमचे हे बघतात. काल सकाळी हे सुरमई कापत बसले होते, तेवढ्यात व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलान' आलं. अनोळखी नंबर असता तर हात लावला नसता, पण पाठवणारा आमच्या पाहुण्यांना स्कूबाला नेणारा मुलगा. त्यात गेल्याच आठवड्यात गाडी कोल्हापूरला नेलेली, म्हणजे दंड असणारच असं यांनी धरलं. हात माशाचे, म्हणून करंगळीने दाबलं. फाइलच्या नावाला शेवटी 'एपीके' होतं, म्हणजे ती फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, ते मला नंतर दिसलं. फोन जे विचारेल त्याला यांनी 'अलाऊ' दिलं. मग एक रुपया भरा म्हणून पान आलं, त्यात कार्डाचा नंबर आणि पिनसुद्धा भरून मोकळे! दुपारपर्यंत १८,५०० गेले, एकही मेसेज दिसला नाही. संध्याकाळी सांगलीच्या एका पाहुण्या बाईंचा फोन, "वहिनी, तुम्ही मला चलान का पाठवलंत?"

कार्ड बंद केलंय. पण झोप उडालीय ती दुसऱ्याच गोष्टीने. त्या फोनच्या गॅलरीत मे महिन्यापासूनच्या पाहुण्यांची आधार कार्डं आहेत, साठ-सत्तर तरी. आमचे पैसे गेले ते आमच्या चुकीने, त्या लोकांनी काय केलं होतं? त्यांना सांगायचं का? हे म्हणतात, सांगितलंस तर दिवाळीचं बुकिंग गेलंच म्हणून समज.

चिपळूणचा सेवाकेंद्रवाला
वहिनी, तो फोन अजून चालू असेल तर पुढचं नंतर वाचा. आधी त्याचं नेट आणि वायफाय बंद करा, सिम काढून जुन्या बटणाच्या फोनमध्ये घाला. ही ॲप मेसेज वाचायची परवानगी घेतात आणि ओटीपी परस्पर पुढे पाठवतात, म्हणून तुम्हाला काही दिसलं नाही. दुसऱ्या फोनवरून १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा, पैसे गेल्याची वेळ आणि व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत ते अडवता येतात, म्हणून उद्यावर टाकू नका.

ॲपचं चिन्ह बहुतेक लपलेलं असेल. सेटिंगमधल्या ॲपच्या यादीत शोधा. काढता येत नसेल तर 'डिव्हाइस ॲडमिन'मधून त्याची परवानगी आधी काढावी लागते. माझ्याकडे असा फोन आला तर मी सरळ फॅक्टरी रीसेट करतो. पासवर्ड बदलायचे ते मात्र दुसऱ्या फोनवरून. व्हॉट्सॲपचं 'लिंक्ड डिव्हाइसेस' बघा आणि टू-स्टेप पिन लावा.

मालवणातलो खारवी
आमच्या वाडयेत तिघांका ह्योच मेसेज इलो. एकाकडे गाडीच नाय, होडी आसा. होडयेक चलान खयसून येतला? तरी उघडल्यान!

बँकेतून निवृत्त, रत्नागिरी
फोनवर बोलणं पुरेसं नाही, बँकेला लेखी कळवा आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ना बँकेची ना तुमची असेल आणि तीन कामकाजी दिवसांत कळवलंत, तर तोशीस ग्राहकाला नाही. तुमच्या बाबतीत पिन भरलाय, त्यामुळे बँक हात वर करेल, हे धरून चला. पण कळवल्यानंतर एक रुपयाही गेला तर तो बँकेच्या माथी. म्हणून ती पोच.

पाहुण्यांना सांगा. बुकिंगपेक्षा ते मोठं आहे. आधारच्या ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक करता येतं, म्हणजे त्यांच्या अंगठ्याने कोणी पैसे काढू शकणार नाही. (आमच्या वहिनींनी लॉक केलं आणि रेशन दुकानात अंगठा लागेना म्हणून दुकानदाराशी भांडून आल्या. तेवढ्यापुरतं उघडायचं असतं.) शिवाय सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघायला सांगा. कुणाच्या तरी आधारवर सिम घेऊन पुढचा माणूस फसवतात.

आणि पुढच्या वेळी पाहुण्यांकडून मास्क्ड आधार मागा. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

तारकर्लीची वहिनी
सगळ्यांचे आभार. १९३० वर तक्रार झाली, क्रमांक मिळाला. फोन रीसेट केला, त्याआधी पाहुण्यांचे नंबर वहीत उतरवून घेतले आणि काल रात्री माझ्या फोनवरून एकेकाला मेसेज केला. यांनी दोन तास तोंड फुगवलं होतं. एक पुण्याचे गृहस्थ चिडले, दिवाळीच्या दोन खोल्या सोडल्या. सांगलीच्या बाईंनी मात्र मास्क्ड आधार पाठवलं आणि खाली लिहिलं, "आता सोलकढी पक्की."

एकच राहिलंय. तो स्कूबावाला मुलगा फोन उचलत नाही, आणि त्याच्या नंबरवरून आज सकाळी परत एक फाइल आली. या वेळी लग्नपत्रिका आहे. देवबागला कोणी असेल तर त्याच्या घरी जाऊन सिम काढायला सांगाल का?